डंजनड्राफ्ट या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला नकाशा फाउंड्रीत (ऑनलाइन टेबलटॉप भूमिका-खेळ चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकला की चौकटी जुळत नाहीत आणि खेळाडूंचे लॅपटॉप अडखळतात. काय करावं?

दोन्ही तक्रारी बहुधा एकाच चुकीतून येतात: एका चौकटीला किती पिक्सेल, हे आधी ठरवलेलं नसतं.

समजा ३० चौकटी रुंद नकाशा २०४८ पिक्सेलचा निघाला. म्हणजे चौकटीमागे ६८.२७ पिक्सेल. फाउंड्रीत ग्रिडचा, म्हणजे चौकटींच्या जाळीतल्या एका चौकटीचा, आकार पूर्णांकात द्यावा लागतो. ६८ दिलात तर डावी कड चोख बसते, पण दर चौकटीला पाव पिक्सेल सुटत सुटत उजवीकडे ८ पिक्सेलचा फरक पडतो. मग ऑफसेट (चित्र जाळीखाली सरकवण्याचा आकडा) कितीही हलवा, एक कड धरली की दुसरी सुटणारच. एक्स्पोर्ट करतानाच चौकटीमागे ७० किंवा १०० पिक्सेल ठेवा आणि फाउंड्रीत तोच आकडा भरा. तयार चित्र असेल तर गिंप या चित्र-संपादकात रुंदी २१०० करा, उंचीही चौकटी गुणिले ७०. ग्रिडच्या रेघा चित्रात मात्र छापू नका. फाउंड्री स्वतःच्या काढते आणि दोन्ही मिळून जाळीवर जाळी दिसते.

आता अडखळणं. फाइल वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रप्रकारात बदलून लहान केली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. त्याने फक्त डाउनलोड लवकर होतं. पडद्यावर येताना चित्र पूर्ण उलगडतं आणि प्रत्येक पिक्सेल ४ बाइट खातो. ४० × ३० चौकटींचा नकाशा १४० पिक्सेलने काढला तर ५६०० × ४२००, म्हणजे सुमारे ९४ एमबी; ७० ने काढला तर जेमतेम २४. काही जुन्या ग्राफिक्स चिप्सना ४०९६ पिक्सेलपेक्षा रुंद चित्र पेलतच नाही. लढाईच्या नकाशाला ७० पुरतात; १४० चा हट्ट मला तरी पटत नाही.

भिंती हाताने आखत बसू नका. डंजनड्राफ्टच्या युनिव्हर्सल व्हीटीटी या प्रकारच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये चित्राबरोबर भिंती, दारं आणि दिवे सोबत येतात. फाउंड्रीत ती फाइल वाचायला वेगळं मॉड्यूल (जोड-प्रोग्राम) लागतं. दार भिंतीवर नीट चिकटवलेलं हवं. नुसतंच वर ठेवलं तर खालची भिंत अखंड राहते आणि दार उघडूनही पलीकडचं दिसत नाही. गुहेच्या वाकड्यातिकड्या कडांचे शेकडो बारीक तुकडे होतात आणि टोकन (खेळाडूच्या पात्राची सोंगटी) हललं की त्याला काय दिसतं याचा हिशेब त्या सगळ्यांशी होतो. तेवढ्या भिंती पुसून लांब सरळ रेषांनी पुन्हा काढा.