तपासणी दोघांची, आणि सही पूर्ण शुद्धीत

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडणं) सुचवलंय पण नवरा तपासणीला तयार नाही, संमतीपत्रातलं उरलेल्या भ्रूणांबद्दलचं कलम कळत नाही, आणि दुसऱ्या कुणाचं बीज किंवा शुक्राणू, म्हणजे दाता, लागलाच तर ते घरात लपवावं का. मी यातून दोनदा गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी नवरा. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. तरी सोनोग्राफी, रक्त, ट्यूब सगळं बाईचं आधी उरकतं. वीर्यतपासणीला ना सुई ना भूल. २ ते ७ दिवस वीर्यपतन टाळायचं आणि एक डबी. आमच्याकडे तेवढ्यावर आठ महिने अडलं. "माझ्यात काय असणार" या वाक्यामागे भीती असते, हे मला फार उशिरा कळलं. भांडून काही झालं नाही. शेवटी डॉक्टरांना म्हटलं, दोघांच्या तपासण्या एकाच चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी बघून हा निमूट गेला! एका रिपोर्टवर धसका मात्र घेऊ नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मध्ये जोराचा ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो. पुन्हा करायची. पण त्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय इंजेक्शनं सुरू करू नका. साधं आयव्हीएफ की इक्सी (एकेका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडणं), हे ठरवताना तोच रिपोर्ट लागतो.

आता संमतीपत्र. माझ्यापुढे ते पिकअपच्या, म्हणजे बीजं काढून घेण्याच्या, सकाळी आलं. हाताला सलाईन, अंगात तो मागून उघडा गाऊन, आणि सिस्टर पेन पुढे करून म्हणतायत, "इथे, इथे आणि इथे." वेगळे झालात तर? दोघांपैकी एक गेलं तर? मी कुठल्या चौकटीत खूण केली, आजही आठवत नाही. कोरी प्रत आठवडाभर आधी मागा आणि दोघं मिळून वाचा. गोठवून ठेवणं, नष्ट करणं, संशोधनाला किंवा दुसऱ्या जोडप्याला देणं असे पर्याय असतात, पण सगळे सगळीकडे चालत नाहीत. इटलीत २००४ च्या कायद्याने जास्तीत जास्त तीन भ्रूण बनवायचे आणि सगळे एकदमच गर्भाशयात सोडायचे, अशी सक्ती होती; २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती मोडली. तुमच्याकडचा नियम तोंडी ऐकू नका, लेखी मागा. एका वेळी किती सोडणार हेही तेव्हाच विचारा. जुळ्या-तिळ्यांत आई आणि बाळं दोघांनाही धोका वाढतो, "चान्स वाढेल" एवढ्यावर मान डोलवू नका.

घरच्यांना उपचार सांगायचे की नाही, तुमची मर्जी. दात्याचं वेगळं. तिथे प्रश्न सासूबाईंचा नाही, मुलाचा आहे. स्वीडनने १९८५ पासून मुलाला दात्याची ओळख कळण्याचा हक्क दिला, ब्रिटनने २००५ नंतरच्या दात्यांसाठी. आणि आता घरबसल्या डीएनए तपासणी होते, त्यामुळे कायदा काहीही म्हणो, पंचवीस वर्षांनी हे तिसऱ्याकडून कळू शकतं. नवऱ्याशी हे बोलणं दाता निवडायच्या आधीच करा. आमचं ते बोलणं स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होईपर्यंत आटोपलं होतं. तुम्ही जरा जास्त वेळ काढा.