जुन्या ब्रिटिश निवडणुकांच्या कागदांत शिरताना

आधी एवढं ठरवा: तुमची निवडणूक १८७२च्या आधीची की नंतरची? त्या वर्षी गुप्त मतदान आलं. तोवर मत उघड द्यावं लागे, आणि कोणी कोणाला दिलं याची ‘पोल बुकं’ चक्क छापून विकली जात. मतदाराचं नाव, बरेचदा धंदा आणि गाव, पुढे उमेदवारांच्या रकान्यांत रेघ. गावच्या खाटकाने जमीनदाराच्या माणसाला मत दिलं का, हे आजही दिसतं! इंग्लंडातल्या बहुतेक मतदारसंघांना तेव्हा दोन जागा, म्हणून मतंही दोन. एकाच रकान्यात रेघ दिसली तर ती लेखनिकाची चूक समजू नका. आपल्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला फायदा नको म्हणून दुसरं मत मुद्दाम राखून ठेवत. मतांच्या बेरजेवरून मतदार मोजायला गेलात तर फसाल.

१८७२नंतर मतदारयाद्या, पत्रकं आणि वर्तमानपत्रं. यादीत नाव म्हणजे मत दिलंच, असं नव्हे. पत्रकावर तारीख नसेल तर तळाशी बघा. १८८३च्या कायद्याने छापणाऱ्याचं नाव-पत्ता सक्तीचं केलं, त्यावरून माग लागतो. उमेदवारांच्या आवाहनपत्रांचा मोठा संग्रह ब्रिस्टल विद्यापीठात आहे.

सुरुवातीला एकच मतदारसंघ धरा. मी तरी दादाभाई नौरोजींचं १८९२चं सेंट्रल फिन्सबरी सुचवेन. अवघ्या ५ मतांचा विजय, त्यामुळे वर्तमानपत्रांत मजकूर रग्गड, आणि दादाभाईंचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. लंडनचं तिकीट नंतर काढा.