दोन लाख स्ट्रीम आणि चौदाशे रुपये, माझंही सेम झालेलं

भावा, गाणं दोन लाख वेळा वाजलं आणि खात्यात चौदाशे आले, बाकीचे कोणी खाल्ले असं विचारलंयस, मी पण लालबागला टपरीवर बसून बिलाच्या पाठीमागे हाच हिशोब मांडायचो.

एका स्ट्रीमला अमुक पैसे असा रेटच नसतो. अॅपची महिन्याची कमाई एकत्र होते, स्पॉटिफायसारखे त्यातले साधारण दोन तृतीयांश हक्कवाल्यांना सोडतात आणि एकूण स्ट्रीममध्ये तुझे जितके तितका तुझा वाटा. तोही आधी लेबलकडे, म्हणजे म्युझिक कंपनीकडे, तिकडे व्हिडिओचा खर्च वळता होणार, मग तुझे टक्के. अॅग्रीमेंट वाचलंच असशील.

पण मला मारलं ते एका रकान्याने. कोळीगीत होतं, धृपदाची एक ओळ आजीच्या तोंडची, तिन्ही कडवी माझी. लेबलच्या पोराने फॉर्म भरताना गीतकाराच्या जागी टाकलं 'पारंपरिक'. संपलं! मी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचा मेंबर, पण गाणं स्वतः नोंदवलंच नाही, म्हटलं लेबल करेल. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क लेबलला लिहून देताच येत नाही, सगळं खरं, पण कागदावर नावच नाही तर तो हक्क काय चाटायचाय?

मग लेबलच्या ऑफिसच्या वाऱ्या (नाव घेत नाही, उगाच नोटीस यायची). लिफ्ट बंद, तीन मजले चढून जा, तर 'सिस्टीममध्ये एडिट होत नाही, मेल टाका'. मेल टाकला की 'प्रत्यक्ष या'. अकरा महिने! गणपती येऊन गेले मधे, गाणं प्रत्येक मंडळात वाजतंय आणि मी मिरवणुकीत नाचतोय फुकट.

मी वकील नाही, माझ्यावर विसंबून भांडू नकोस. पण माझं ठाम मत, रेकॉर्डिंगच्या दिवशीच स्टुडिओत बसून कोणी काय लिहिलं, चाल कोणाची, ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं आणि सगळ्यांकडून 'ओके' घ्यायचं. मैत्रीत कशाला म्हणणारा नंतर पहिला भांडतो. नाव पॅनकार्डवर आहे तसंच टाक, टोपणनाव सोसायटीत वेगळं नोंदव. आणि नुसता गायला असशील तर आयपीआरएस नाही, गायकांची सोसायटी वेगळी आहे, इसाम्रा.

आता आधी अॅपमध्ये गाण्याचे क्रेडिट्स उघड आणि गीतकारासमोर काय लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट इथे टाक.