रानात न्यायला आखूड कोयता कुठला घ्यावा? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की मेसेज सुरू होतात, कॅम्पिंगला नि रानात हिंडायला लहान कोयता सुचवा म्हणून. ह्यावेळी पाच जणांचे प्रश्न एकत्र घेतलेत.

गारगोटीहून: दादा, घरात ऊसतोडीचा कोयता आहे, तोच ट्रेकला नेला तर काय हरकत?

हरकत काही नाही पण हात लवकर दमणार. तो कोयता वाकून बुडातून ऊस तोडायला नि वर वाडं छाटायला घडवलेला असतो, त्याचं वजन पुढच्या बाजूला. रानात काम वेगळं असतं, छातीच्या उंचीला आलेली करवंदाची जाळी, घाणेरी, रानमोडी बाजूला करायची, तिथं पुढं जड असलेलं हत्यार अर्ध्या तासात मनगट धरतं. आधी बांधावर तासभर चालवून बघा, मग ठरवा. नवीन घ्यायचाच झाला तर पान १० ते १२ इंच, वजन ४०० ग्रॅमच्या आतबाहेर आणि पाठीची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. लोकांना जाड पान म्हणजे दणकट वाटतं आणि इथंच फसतात, ओला वेल नि हिरवी फांदी कापते ती पातळ पानाच्या वेगानं, जाड पान लाकडात रुततं आणि मग काढायला झटापट करावी लागते. वाळलेलं जळण फोडायला वजन लागतं, पण ते कुऱ्हाडीचं काम आहे, कोयत्याकडून करून घेऊ नका.

दक्षिण अमेरिकेत १८ इंची मॅशेटी, म्हणजे तिकडचा लांब कोयता, सर्रास वापरतात, मोकळ्या मळ्यात ते बरोबरच आहे. आपल्याकडं पायवाटेच्या दोन्ही बाजूला झाडी, हात फिरवायलाच जागा नसते, म्हणून आखूड.

राजारामपुरीतून: सर, ऑनलाइन काळ्या रंगाचा स्टेनलेसचा सर्व्हायवल कोयता बघितलाय, पाठीवर करवत पण आहे. घेऊ का?

माझं ऐकाल तर नको. पाठीवरचे करवतीचे दात बोटभर फांदीच्या पुढं अडकतात कारण भुसा बाहेर पडायला जागाच नसते, आणि पाठीवर अंगठा टेकवून बारीक काम करायची सोय जाते ती वेगळीच. करवत पाहिजे तर घडीची वेगळी घ्या, मेसकाठी (बांबू) कापायला तिच्याएवढं सोपं काही नाही.

स्टेनलेसला गंज कमी लागतो हे खरं, पण स्वस्तातल्या लांब पात्याला कुठलं स्टील वापरलंय नि त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून विझवून कडक कसं केलंय, हे कळायला मार्ग नसतो. घाव सोसायचं काम साधं कार्बन पोलाद चांगलं करतं. ब्राझीलची त्रामोंतिना कंपनी १९११ पासून आहे आणि तिची साधी लाकडी मुठीची मॅशेटी जगभर शेतात चालते, त्यात शोभेचं काहीच नाही. तसंच पोलाद आपल्या लोहाराकडं ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातनं मिळतं. तुम्ही कोल्हापुरात राहता, उद्यमनगर जवळ, आठवडी बाजारात लोहार बसतात, समोर उभं राहून आपल्या मापाचा करून घ्यायची सोय असताना फोटो बघून कशाला घ्यायचा?

घेताना एवढं करा, धारेवर कानस हळू ओढा. काचेवरनं सरकल्यासारखी घसरली तर पाणी जास्त झालंय, गाठीवर बसला की धारेचा तुकडा उडणार. लोण्यात गेल्यासारखी चावली तर धार वळणार. थोडी धरून, करकरत गेली पाहिजे. मूठ बघताना शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, किती आत गेलीय ते विचारा, आरपार पट्टी नि दोन-तीन रिव्हेट असतील तर उत्तम, ठोकलेली शेपटी असेल तर शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडाचं कडं, घट्ट पाहिजे. ढिली मूठ पाण्यात भिजवून घट्ट करतात लोक, पण लाकूड वाळलं की ती आधीपेक्षा ढिली होते आणि पान निसटून कुणाच्या तरी अंगावर जातं.

पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला निघालेला एक जण: जुलैत जातोय, कोयता न्यावा का? पोलीस अडवतात का?

भावा, त्या वाटेला कोयता लागतच नाही. मसाई पठारावरनं हजारो पावलांनी मळलेली वाट आहे, गर्दीत चिखलात घसरताना पाठीला पातं असणं हाच धोका. त्यापेक्षा काठी घे.

कायद्याचं म्हणशील तर शस्त्र नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, शेती नि घरकामाची अवजारं त्यातनं वगळलीत. पण शेतात अवजार असलेली वस्तू रात्री गाडीच्या सीटखाली सापडली तर तिचा अर्थ बदलतो. शिवाय सण, निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली हत्यार बाळगायला बंदीचे आदेश निघतात. कामाच्या जागी जाताना म्यानात घालून, गुंडाळून, बॅगेच्या तळाला.

आणि राधानगरी-दाजीपूरला तर अजिबात नाही. ते १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणं लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत जाता येत नाही, आणि फांदी तोडणं तर दूरच. ते गव्यांचं घर आहे, वाट नसेल तिथं आपण जायचं नाही. कोयता स्वतःच्या रानात, मालकाला विचारून दुसऱ्याच्या रानात, बास.

शाहूवाडीतून एक ताई: धार टिकत नाही आणि पावसाळ्यात लगेच गंज चढतो.

ताई, धार ग्राइंडरवर लावत असाल तर तेच कारण. मी पण एकदा चांगला कोयता असाच घालवलाय, घाईत एकाकडं ग्राइंडरला दिला, ठिणग्या उडाल्या, कडेला निळी झाक आली. पातं निळं पडलं म्हणजे साधारण ३०० अंशापर्यंत तापलं, तिथलं पाणी उतरलं, परत कितीही घासा, दोन दिवसात बोथट. हातानं कानस मारा, दोन्ही बाजूनं २०-२५ अंशात, एकाच दिशेनं, मग निसण्यावर (धारेच्या दगडावर) चार हात.

गंजाचं कारण बहुतेक म्यान असणार. चप्पल लाईनला कातड्याचं म्यान सुरेख शिवून मिळतं, मी पण घेतलंय, पण ते फक्त नेण्यापुरतं. कातडं ओल धरतं, घरी आलं की पातं बाहेर काढायचं, पुसायचं, मशीन ऑइलचा हात फिरवायचा आणि कोरडं टांगायचं. वेलींचा चीक तर त्याच दिवशी पुसा.

इचलकरंजीहून: मी डावखुरा, काही वेगळं बघावं का?

हो, एकाच बाजूनं घासलेली धार घेऊ नका, ती उजव्या हाताच्या हिशोबानं असते नि तुमचा घाव वाकडा जाणार. लोहाराला दोन्हीकडनं सारखी धार काढायला सांगा. मुठीला दोरी असेल तर मनगटात अडकवायची नाही, हात सुटला तर पातं फिरून आपल्याच अंगावर येतं. ती अंगठ्यावरनं घेऊन पंज्याच्या मागनं आणा, म्हणजे सोडायची तेव्हा सुटते. घाव नेहमी गुडघ्याच्या बाहेरनं, आणि सोबत्याला दोन हात अधिक कोयत्याची लांबी एवढं लांब उभं करा. तरी लागलंच तर स्वच्छ फडक्यानं १० मिनिटं न उचलता दाबून धरा, रक्त थांबत नसेल तर दाब तसाच ठेवून १०८ ला फोन, आणि छोटी जखम असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.