कंबरेचा एमआरआय चांगला, तरी पायात कळ का जाते?

प्रश्न : माझे वय ४४ असून माझे काम बैठे आहे. काही महिन्यांपासून उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ जाते. बसल्यावर ती वाढते, चालल्यावर कमी होते. कंबरेच्या एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली नाही. मग हा सायटिका कशाने झाला असावा?

उत्तर : आपल्या एमआरआयवरून मणक्यांपाशी नस दबल्याचे दिसत नाही, एवढेच म्हणता येते. सायटिक नस पुढे ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीतून बाहेर पडते आणि कुल्ल्यातील पिरिफॉर्मिस या स्नायूच्या बहुधा खालून, तर काही जणांमध्ये थेट त्याच्यामधून जाते; तिथे हा स्नायू नस दाबत असल्याचा संशय घेता येतो, पण हा भाग कंबरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये पुरेसा येत नाही. त्यामुळे तोच एमआरआय पुन्हा करण्यात पैसे घालवू नयेत.

बसल्यावर दुखणे वाढते ते गादीच्या विकारातही, म्हणून निदानाची खरी भिस्त हातांनी केलेल्या तपासणीवर असते. डॉक्टर कुल्ल्याच्या मध्यभागी खोलवर दाबून आपली नेहमीचीच कळ उमटते का, हे पाहतील. नंतर दुखरा पाय वर राहील असे कुशीवर झोपवून, खुबा व गुडघा वाकवून तो गुडघा पलंगाच्या दिशेने खाली दाबतील. पायाची ताकद, संवेदना आणि घोट्याचा प्रतिक्षेपही (टाचेमागे हलकेच ठोकल्यावर पाऊल आपोआप हलणे) तपासला जावा. यांतील कोणतीही एक खूण निर्णायक नसते. शंका राहिल्यास सोनोग्राफीत पाहत त्या स्नायूत बधिरतेचे इंजेक्शन देतात, आणि कळ लगेच थांबली तर संशयाला चांगलाच आधार मिळतो. (मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून बसत असाल, तर ते आजच काढावे.)

मात्र सगळेच पिरिफॉर्मिसच्या माथी मारणे योग्य नव्हे. माकडहाडाच्या वरचा सॅक्रोइलियाक सांधा, खुब्याची झीज, कुल्ल्यात चुकीच्या जागी दिलेले इंजेक्शन, मधुमेह, पुरळ उठण्यापूर्वीची नागीण, क्वचित ओटीपोटातील गाठ यांमुळेही अशी कळ येऊ शकते. स्त्रियांमध्ये ती दर पाळीला वाढत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार) विचार करावा लागतो. म्हणून साखर तपासून घ्यावी आणि पूर्वीची इंजेक्शने व पडझड डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

लघवी अडणे, शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरपणा किंवा पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही जाणवल्यास ओपीडीची वेळ न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.