रुबेन्स आणि ब्रूगेल यांनी मिळून काढलेलं इसाबेलाचं पोर्ट्रेट नेमकं कोणाचं मानायचं?

दोघांचं. रुबेन्स आणि यान ब्रूगेल हे सतराव्या शतकातले फ्लेमिश चित्रकार. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातही ते साधारण 1615 चं, दोघांच्या नावावरचं चित्र म्हणूनच आहे. पण तुम्ही पुढे विचारलंय की यान ब्रूगेल म्हणजे मागचा देखावा काढणारा मदतनीस, मग खरा चित्रकार रुबेन्सच ना? हे मला अजिबात मान्य नाही.

चित्र मोठं करून बघा. कॅनव्हास आडवा आहे, उंचीपेक्षा रुंदी बरीच जास्त. इसाबेला क्लारा युजेनिया म्हणजे स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची मुलगी. नवरा आल्बर्टबरोबर ती दक्षिण नेदरलँड्सवर राज्य करत होती. ती बसलेली आहे आणि मागे मारिमाँचा त्यांचा वाडा आणि लांबवर पसरलेला मोकळा मुलूख. जोडीच्या चित्रात आल्बर्टच्या मागे तेर्व्यूरेनचा वाडा आहे. देखावा काढून टाका, उरते ती भरजरी कपड्यांतली एक श्रीमंत बाई. तिचं राज्य ब्रूगेलने रंगवलंय.

मला हे इतकं लागण्याचं कारण सांगतो. मी पोर्ट्रेटमध्ये कपडे, दागिने आणि बॅकग्राउंड करतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका जुन्या इनामदार घराण्यातल्या आजींचं मोठं ऑइल पोर्ट्रेट आलं. आजी हयात नव्हत्या, हाताशी एक कृष्णधवल फोटो होता. चेहरा एका ज्येष्ठ चित्रकारांनी केला, बाकी सगळं माझ्याकडे. घरच्यांनी ट्रंकेतली पैठणी काढून दिली, ती खिडकीपाशी टांगून मी काम केलं. जर सोनेरी रंगाने रंगवत नाहीत. आधी गेरूकडे झुकणारा मातकट पिवळा, चुण्यांच्या आत अंबर म्हणजे गडद तपकिरी, आणि जिथे उजेड धाग्यावर पडतो तिथेच फिकट पिवळ्याचा जाड ठिपका. नथीचा मोती आधी राखाडी, मग खालच्या कडेला गालाचा उजेड, आणि शेवटी एकच पांढरा टिंब. तो टिंब केसभर सरकला तरी मोती मेला.

अनावरणाला सूनबाई चित्रापुढे उभ्या राहिल्या आणि पदराकडे बोट दाखवून रडल्या. खाली पितळी पाटी, तिच्यावर एकच नाव. मी त्या ज्येष्ठ चित्रकारांना विचारलं तर उत्तर मिळालं, "साडी कोणीही रंगवतो रे, चेहरा जमावा लागतो." त्यावरून आमचं वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही रुबेन्सचंच उदाहरण देतो. 1618 मध्ये त्याने इंग्रज राजदूत डडली कार्लटनला विकायच्या चित्रांची यादी पाठवली. तिच्यात प्रोमिथियसच्या चित्रापुढे त्याने सरळ लिहिलं की हे माझ्या हातचं, गरुड मात्र स्नायडर्स या दुसऱ्या चित्रकाराचा. गिऱ्हाईक हातातून जाईल, भाव पडेल, अशी भीती त्याला वाटली नाही. उलट पक्षी-प्राण्यांचा उस्ताद सोबत आहे हे सांगण्यात चित्राची किंमतच होती. हेगच्या मॉरित्सहाउसमधलं आदम-इव्हचं चित्र तर दोघांनी सही करून ठेवलंय, एकीकडे रुबेन्स, दुसरीकडे ब्रूगेल. आणि ब्रूगेल काही शिकाऊ पोऱ्या नव्हता. तो रुबेन्सपेक्षा नऊ वर्षांनी मोठा, आल्बर्ट-इसाबेलाच्याच दरबाराचा मानकरी. 1625 मध्ये तो गेल्यावर त्याच्या मुलांची जबाबदारी घेणाऱ्यांत रुबेन्स होता. मदतनिसाशी असं नातं नसतं.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. रुबेन्सच्या कारखान्यात शिष्यांनी रंगवलेली, त्याने वरून हात फिरवलेली चित्रं पुष्कळ आहेत आणि त्या शिष्यांची नावं कोणी लिहिली नाहीत. कार्लटनच्या यादीतही काही चित्रांपुढे नुसतं 'शिष्याने केलेलं' एवढंच आहे. तो वेगळा व्यवहार, त्याची गल्लत इसाबेलाच्या चित्राशी करू नका. चेहरा अवघड असतो हेही खरं, मी तो करत नाही.

तुम्ही स्वतः दोघांत काम घेत असाल तर ॲडव्हान्स घेतानाच पाटीवर कोणाची नावं जाणार ते कागदावर लिहून घ्या. ज्येष्ठ माणसापुढे हे बोलायला संकोच वाटतो, तरी बोला. काम झाल्यावर विषय काढलात तर तुम्हीच भांडकुदळ ठरता.