पहिलंच प्रेसिंग हवं का?

प्रश्न : जॅझच्या एलपी जमवायला सुरुवात केली आहे. जाणकार म्हणतात, पहिलंच प्रेसिंग, म्हणजे रेकॉर्डीची सर्वांत आधी छापलेली आवृत्ती, घ्या. पण त्याच्या किमती ऐकूनच धडकी भरते. नव्या रेकॉर्डींवर '180 ग्रॅम' असं ठळक छापलेलं असतं. उत्तम आवाजासाठी नेमकं काय बघावं? – एक वाचक

उत्तर : वजनाच्या नादी लागू नका. जड तबकडी हातात घ्यायला छान वाटते, एवढंच. ती कोणत्या टेपवरून आणि कोणी कोरली, म्हणजे टेपवरचं संगीत मूळ तबकडीच्या खाचांत कोणी उतरवलं, यावर आवाज ठरतो.

जुन्या रेकॉर्डीवर याचा पुरावा बरेचदा असतो. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये गुळगुळीत पट्टी असते, ती दिव्याखाली तिरकी धरून वाचा. ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डीवर तिथे 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' दिसलं, तर ती रूडी व्हॅन गेल्डर यांनी कोरलेली. 1959 मध्ये एंगलवुड क्लिफ्सला स्टुडिओ उभारेपर्यंत हा माणूस न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. त्यांच्या रेकॉर्डींवर सॅक्सोफोन अगदी समोर उभा राहून वाजतो, मला तो आवाज फार प्रिय आहे.

त्याच पट्टीत कानाच्या आकाराची बारीक खूण असेल, तर प्रेसिंग प्लास्टिलाइट कारखान्याचं. 'कान' दिसला की किंमत चढते. पण 1960च्या दशकाच्या मध्यात ब्लू नोट लिबर्टी कंपनीकडे गेली, तेव्हा जुनेच धातूचे साचे पुढे वापरले गेले. म्हणून लिबर्टीच्या कित्येक प्रतींवर कान नाही, पण व्हॅन गेल्डरचा शिक्का आहे. नवशिक्या संग्राहकाने अशी प्रत बिनदिक्कत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि पहिलं प्रेसिंग म्हणजे शेवटचा शब्द, असंही नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 1959चा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम घ्या. पहिल्या बाजूच्या मुद्रणाच्या वेळी यंत्र थोडं हळू चाललं, त्यामुळे त्या रेकॉर्डीवर तिन्ही रचना किंचित चढ्या स्वरात वाजतात. ही चूक 1992च्या आवृत्तीत सुधारली गेली. सोबत पियानो किंवा सॅक्सोफोन वाजवून बघाल तर फरक लगेच कानावर येईल.

नव्यांत मूळ अॅनालॉग टेपवरून कोरल्याचं स्पष्ट लिहिलेलं असेल, तीच घ्या. ब्लू नोटची 2019 पासूनची 'टोन पोएट' मालिका तशी आहे, केव्हिन ग्रे यांनी कोरलेली. घासलेल्या 'मूळ' प्रतीपेक्षा मी ती कधीही पसंत करेन. जुनी प्रत घेताना मात्र नुसत्या चकाकीवर जाऊ नका. बोथट सुईने झिजलेल्या खाचा डोळ्यांना दिसत नाहीत, ट्रम्पेट जोरात वाजला की आवाज फाटतो तेव्हाच कळतं. बाजूच्या शेवटच्या रचनेचा तार भाग वाजवून घ्या, झीज तिथे आधी ऐकू येते.

प्रश्न : 1950च्या दशकातल्या मोनो (एकाच चॅनलच्या) रेकॉर्डी माझ्या स्टिरिओ कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या भागावर) फार खरखरतात. इलाज?

उत्तर : आधी त्या ओल्या पद्धतीने नीट धुवा. मग अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. मोनो रेकॉर्डीत संगीत सुईच्या फक्त आडव्या हालचालीत असतं. धुळीची वरखाली होणारी थरथर बटणामुळे कटते आणि खरखर बरीच कमी होते. मोनोचा संग्रह वाढणार असेल, तर खास मोनो कार्ट्रिज घ्या.